पिस्तूल सामाईक, मूठ ज्याची त्याची : एअर पिस्तुलाच्या ग्रिपच्या कामाच्या नोंदी

5 जानेवारी 2025

अमळनेरच्या शिवेवर बंद पडलेल्या एका जिनिंगच्या गोदामात आमची 10 मीटरची रेंज आहे. चार लेन, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी आणि भिंतीच्या फटींत अजूनही अडकलेला जुना कापूस, एवढाच तिचा थाट. दर रविवारी सकाळी सात ते अकरा या वेळेत सराव चालतो. स्पर्धेच्या दर्जाची एअर पिस्तुले दोनच असल्यामुळे ती सर्वांना आळीपाळीने वापरावी लागतात. त्यांच्यावर कारखान्यातून आलेली मध्यम मापाची लाकडी मूठ आहे आणि ती तिच्या मापाच्या हातालाच नीट बसते. मूठ पिस्तुलाला एकाच स्क्रूने धरलेली असते, एलन कीने दोन मिनिटांत निघते. तेव्हा पिस्तूल सामाईक ठेवून मूठ ज्याची त्याला का करू नये, या विचारातून हे काम हाती घेतले आहे. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक आहे. कानस आणि मोजमाप हा माझा प्रांत, लाकूड मात्र नव्हे, हे आधीच लिहून ठेवतो.

सुरुवातीला तीनच हात घेतले आहेत. पहिला हात अकरावीतल्या मुलीचा, मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 164 मिलिमीटर. दुसरा कबड्डी खेळणाऱ्या कॉलेजच्या मुलाचा, 196 मिलिमीटर. तिसरा हात आप्पांचा. ते पन्नाशीतले शेतकरी असून त्यांच्या उजव्या तर्जनीचे पहिले पेर कडबा कुट्टीच्या यंत्रात गेलेले आहे. लांबीपेक्षा महत्त्वाचे माप म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांमधल्या बेचकीपासून ट्रिगरपर्यंतचे अंतर, कारण सगळा हिशेब तिथून सुरू होतो. मुलीचा हात त्या अंतराला पुरत नाही. बोटाचे केवळ टोक ट्रिगरवर पोहोचते आणि तेवढे पोहोचवण्यासाठीही ती आपला पंजा मुठीभोवती किंचित फिरवून घेते. तिला हे ठाऊक नव्हते. ‘मला असंच बरं वाटतं, सर,’ एवढेच ती म्हणाली.

12 जानेवारी 2025

बेअरिंग बसवताना निळी लावून टेकलेली जागा शोधायची, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. तीच युक्ती आज मुठीवर केली, फक्त निळीऐवजी पातळ कालवलेला गेरू घेतला, कारण तो धुतला की जातो. पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर काढला, नळीत तिच्या पूर्ण लांबीची नारिंगी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घातली आणि त्यानंतरच कोणाच्याही हाती दिले. या कामात पिस्तूल शंभरदा उचलले जाते आणि दर वेळी नळी कोणाकडे आहे याचे भान राहत नाही. मुलीच्या तळहाताला गेरूचा पातळ हात दिला, तिला एकदाच मूठ धरायला लावली आणि सोडायला सांगितले.

लाकडावर उमटलेला ठसा पाहून मला वाटले होते त्याहून बरेच काही कळले. करंगळीखालचा तळव्याचा भाग मुठीच्या खालच्या टेकूवर, म्हणजे तळव्याला खालून आधार देणाऱ्या फळीवर, टेकतच नव्हता. तिथे लाकूड कोरडे राहिले होते. उलट अंगठ्याच्या बुडाशी गेरूचा जाड थर चेपला गेला होता, म्हणजे मुठीची पाठ तळव्याच्या मध्यावर न बसता अंगठ्याच्या सांध्यावर रेलत होती. तिसरी खूण सर्वांत वाईट होती : तर्जनीच्या बुडाची एक लांबट लाल रेघ मुठीच्या उजव्या अंगावर स्पष्ट उमटली होती. ट्रिगर दाबणाऱ्या बोटाने ट्रिगरखेरीज कशालाही शिवू नये, असा साधा दंडक आहे. ते बोट लाकडाला टेकलेले असले की दाबताना ट्रिगर मागे येतोच, पण बोटाचे बूड त्याच वेळी पिस्तुलाला डावीकडे ढकलते. तिच्या गेल्या महिन्याच्या कागदी टार्गेटांचा गठ्ठा काढून पाहिला. गोळ्या नऊ वाजण्याच्या दिशेला सरकलेल्या होत्या आणि आम्ही तिला तीन महिने ‘ट्रिगर झटक्याने ओढू नकोस’ असे बजावत होतो. दोष लाकडाचा आणि बोलणी मात्र मुलीला.

19 जानेवारी 2025

आज हिशेब मांडला, कारण ‘एवढ्याशा लाकडाने काय फरक पडतो’ असे कबड्डीपटू दोनदा म्हणाला.

टार्गेटवरच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो आणि पेलेट, म्हणजे एअर पिस्तुलाची गोळी, 4.5 मिलिमीटरचे. पेलेटची कड त्या वर्तुळाला शिवली तरी दहा गुण मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत राहिला पाहिजे. आता समजा, नेम धरताना संपूर्ण हात पिस्तुलासकट, दिशा न बदलता, 5 मिलिमीटर बाजूला गेला; तर गोळीही 5 मिलिमीटरच बाजूला जाईल आणि दहा गुण शाबूत राहतील. पण हात जागच्या जागी राहून फक्त मनगट वळले, तर प्रकरण वेगळे होते. नेम धरायचा तो मागच्या साइटच्या खाचेतून पुढची साइट पाहून, आणि आमच्या पिस्तुलावर या दोन साइटमधले अंतर 320 मिलिमीटर आहे. पुढची साइट मागच्या खाचेत 0.1 मिलिमीटर बाजूला सरकली तर 10 मीटरवर गोळी सुमारे 3.1 मिलिमीटर सरकते. पाव मिलिमीटर सरकली की 7.8 मिलिमीटर, आणि दहा गुण काठावर येतात. पाव मिलिमीटर म्हणजे जवळपास लग्नपत्रिकेच्या जाड कागदाएवढे. हात डोलणे माफ आहे, मनगट वळणे माफ नाही. आणि मनगट वळू न देणे हेच मुठीचे काम.

म्हणून मूठ हाताला ‘आरामदायक’ वाटते की नाही हा प्रश्न मी मागे टाकला आहे. त्याऐवजी एक चाचणी ठरवली. नेमबाजाने डोळे मिटून पिस्तूल उचलायचे, सवयीप्रमाणे हात स्थिर करायचा आणि मग डोळे उघडून पुढची साइट खाचेत कुठे उभी आहे ते सांगायचे. दुरुस्ती करायची नाही. असे वीस वेळा. मुलीच्या वीसपैकी सतरा वेळा पुढची साइट खाचेच्या उजव्या अंगाला चिकटलेली होती. पंजा फिरवून धरल्यामुळे नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत राहत नाहीत, त्याचा हा पुरावा. प्रत्येक शॉटला ती मनगट डावीकडे वळवून ही चूक निस्तरत होती. स्पर्धेत 60 शॉट आणि त्यांच्यासाठी 75 मिनिटे असतात, त्याआधी 15 मिनिटांचे सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सरावाचे शॉट. शेवटच्या दहा शॉटांत तिचे गुण का ढासळतात, याचे कारण आम्ही आजवर तिच्या धीरात शोधत होतो.

लाकडाला हात लावण्याआधी ट्रिगरची पाती तिच्या पट्टीवर 4 मिलिमीटर मागे घेतली. अर्धे काम तेवढ्यानेच झाले.

2 फेब्रुवारी 2025

कबड्डीपटूची गोष्ट थोडक्यात. त्याच्या मोठ्या हाताला मूठ अपुरी पडते, पण त्याची खरी अडचण पकडीच्या जोराची आहे. त्याच्या गेरूच्या ठशात सगळीकडे सारखाच गडद रंग उमटला, अगदी अंगठ्याच्या टोकाखालीसुद्धा. प्रत्येकाच्या हाताला सेकंदाला साधारण 8 ते 12 वेळा असा बारीक नैसर्गिक कंप असतोच. पकड आवळली की तो वाढतो. शिवाय मधले बोट, अनामिका आणि करंगळी यांना वाकवणारा खोलवरचा स्नायू बराचसा एकत्र असतो, तर तर्जनीचा भाग त्यामानाने स्वतंत्र असतो; तरीही करंगळीने करकचून आवळले की तर्जनीलाही ओढ लागते. त्याला मधले बोट आणि अनामिका यांनी सरळ मागे दाबायला, करंगळी नुसती टेकवायला आणि अंगठ्याचे काम जवळजवळ विसरायला सांगितले आहे. पटत नाही असे त्याच्या चेहऱ्यावर दिसले. लाकूड त्याच्यासाठी नंतर पाहू.

16 फेब्रुवारी 2025

आप्पांच्या हाताने आजचा सगळा दिवस घेतला आणि तो सत्कारणी लागला असे मला वाटते.

तर्जनीचे पहिले पेर नसल्यामुळे ते आजवर मधल्या बोटाने ट्रिगर दाबत आले होते. दिसायला हा सोपा तोडगा आहे, पण गेरूने त्यातली खोट दाखवली. मधले बोट ट्रिगरवर गेले की मूठ धरायला अनामिका आणि करंगळी एवढीच दोन बोटे उरतात, आणि वर लिहिल्याप्रमाणे या तिघांचा स्नायू एकत्र असल्याने ट्रिगर दाबताना पकडही हलते. शिवाय उरलेले तर्जनीचे खुंट कुठे ठेवायचे हा प्रश्न राहतोच. ते पिस्तुलाच्या अंगाला टेकले की दिशा बिघडते आणि हवेत धरले की पाच मिनिटांत दुखू लागते. पेर नसलेल्या तर्जनीनेच, म्हणजे दुसऱ्या पेराच्या टोकाने, दाबता येईल का हेही पाहिले. ट्रिगर आणखी मागे घेतल्यावर ते पोहोचले, पण जखम भरलेल्या जागी कातडी पातळ आणि बधिर आहे. नियमाप्रमाणे ट्रिगरने किमान 500 ग्रॅम वजन झेलले पाहिजे. एवढा दाब हळूहळू वाढवत नेताना बोटाला जो सुगावा लागावा लागतो, तो त्या कातडीतून लागत नाही. ‘कळतच नाही कधी सुटला ते,’ असे आप्पा म्हणाले.

मग डावा हात. आप्पा आधी हसले, कारण डाव्या हाताने ते जेवतसुद्धा नाहीत. तेव्हा त्यांना कारोय टकाच यांची हकीकत सांगितली. हंगेरीच्या या सैनिकाच्या उजव्या हातात 1938 साली सदोष हातबॉम्ब फुटला आणि तो हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने सराव केला आणि 1948 च्या लंडन व 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्याला शेती होती का?’

पण एक गोष्ट खरोखरच तपासण्याजोगी होती. दोन्ही तळव्यांच्या मधल्या भोकातून दूरचा खिळा पाहायला सांगून पाहिले, तर आप्पांचा उजवा डोळा प्रबळ निघाला. डावा हात आणि उजवा डोळा. रायफलला हे फार जड जाते, कारण दस्ता गालाला लागतो. पिस्तूल हातभर पुढे असते, त्यामुळे मान थोडी डावीकडे वळवून आणि पावले थोडी फिरवून उजवा डोळा साइटच्या रेषेत आणता येतो. फरशीवर खडूने त्यांच्या पावलांच्या चार निरनिराळ्या ठेवणी आखल्या. तिसऱ्या ठेवणीत मान सर्वांत कमी वळली. तीच कायम केली.

उरते ती डाव्या हाताची मूठ. ती बाहेरून मागवायची तर परदेशी बनावटीची, आणि तिची किंमत आप्पांच्या एका पोळ्याच्या खर्चाएवढी. ती इथेच करायची ठरली.

2 मार्च 2025

आज सुतार मिस्त्रींकडे गेलो. ते वखर, पाभर आणि कुऱ्हाडीचे दांडे करणारे. पिस्तुलाची मूठ त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती, पण हातात घेतल्याबरोबर त्यांनी ती डोळे मिटून फिरवली आणि नळीची बाजू बरोबर ओळखली. कुऱ्हाडीचा दांडा गोल का नसतो, लांबट का असतो, हे त्यांनी मला उलट विचारले. गोल दांडा हातात फिरतो आणि पाते कुठे आहे ते कळत नाही. लांबट दांडा न पाहताही सांगतो. मी दीड महिना डोळे मिटून जी चाचणी घेत होतो, ती यांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या चालू होती. निघताना ते अहिराणीत म्हणाले, ‘हात रोज येकसारखा नही ऱ्हास, भाऊ.’ मी मान डोलावली आणि लाकडाकडे वळलो.

लाकडाचा प्रश्न वजनाचा आहे. कारखान्यातली मूठ अक्रोडाची असते. मिस्त्रींनी शिसम सुचवले. दिसायला देखणे, पण त्याच मापाचा ठोकळा अक्रोडाहून जड भरला. पिस्तुलाचे वजन सिलिंडरसकट 1500 ग्रॅमच्या आत ठेवावे लागते आणि आम्ही तिथून बरेच खाली आहोत, त्यामुळे नियमाची अडचण नव्हती. अडचण अशी की मुठीत भरलेले वजन तोल मागे खेचते, आणि आप्पांना नळीकडे किंचित जड असलेले पिस्तूल अधिक स्थिर धरता येते. शेवटी एका पडलेल्या वाड्याच्या चौकटीचे जुने सागवान मिळाले. सागाचे वजन अक्रोडाच्या आसपास असते आणि पन्नास-साठ उन्हाळे खाल्लेले लाकूड आता वाकण्याचे कारण नाही. रेषा मुठीच्या उंचीच्या दिशेने ठेवल्या, नाहीतर बेचकीखालचा पातळ भाग मोडतो. जुन्या मुठीचा कागदी साचा काढून तो उलटा करून ठोकळ्यावर आखला. मुलीसाठी नवी मूठ करायची नाही. तिच्यासाठी घेतलेल्या जास्तीच्या जुन्या मुठीतूनच लाकूड कमी करायचे.

9 मार्च 2025

मुलीच्या मुठीत तर्जनीसाठी जागा करताना मी जाड दाताच्या कानसेने दोन मिलिमीटर जास्त घेतले आणि लोखंडाची सवय लाकडाला भोवली. गाडीच्या डेंटिंगवाल्याकडून आणलेल्या लांबीने (खड्डे बुजवायच्या पुट्टीने) खड्डा भरला. रंग वेगळा दिसतो. दिसू दे.

23 मार्च 2025

आप्पांची मूठ ओबडधोबड तयार झाली आणि मी हौसेने तिच्या खालच्या टेकूची बाहेरची कड थोडी वर उचलली, कारण तशी ती त्यांच्या डाव्या तळव्याला बशीसारखी धरून ठेवत होती. आज नियम पुन्हा वाचून पाहिले. टेकू मुठीशी 90 अंशांहून कमी कोन करता कामा नये, त्याला वर वळवलेली कड असता कामा नये, मुठीने हाताला वेढा घालता कामा नये, अंगठा वर मोकळा उचलता आला पाहिजे आणि मनगट उघडे दिसले पाहिजे. पिस्तुलाचा कोणताही भाग पंज्याच्या मागे जाऊन मनगटाला आधार देऊ शकत नाही. सगळ्यांचा गाभा एकच : मुठीने हाताला जागा दाखवावी, हाताचे काम स्वतः करू नये. माझी बशी सरळ सरळ नियमबाह्य होती. कड कानसून सपाट केली.

याच बैठकीत प्लायवूडचा एक डबा केला, आतून 420 मिलिमीटर लांब, 200 मिलिमीटर उंच आणि 50 मिलिमीटर रुंद. स्पर्धेच्या उपकरण तपासणीत एअर पिस्तूल याच मापाच्या डब्यात मावावे लागते. लांबी-उंचीचा प्रश्न येत नाही. अडतो तो रुंदीचा, कारण तळव्याला आधार म्हणून वाढवलेला टेकू आणि अंगठ्याची बैठक मिळून 50 मिलिमीटर कधी ओलांडतात ते कळत नाही. आप्पांची मूठ डब्यात 2 मिलिमीटरने अडली. डबा नसता तर ही गोष्ट आम्हाला स्पर्धेच्या दिवशी, तीही जिल्ह्याबाहेर, कळली असती. ट्रिगर तपासायचे 500 ग्रॅमचे वजन ओळखीच्या सराफाच्या काट्यावर पडताळून आणले. खान्देशात सोन्याच्या काट्यावर लोखंड ठेवल्याबद्दल त्यांनी चहाही पाजला.

13 एप्रिल 2025

मुठीच्या नादात टेबलाकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. दोन शॉटांच्या मध्ये नेमबाज पिस्तूल टेबलावर टेकवून हाताला विसावा देतो. आमची टेबले म्हणजे शाळेतून निघालेले जुने बाक, 64 सेंटीमीटर उंचीचे. नियमात ती उंची 70 ते 80 सेंटीमीटर आहे. कबड्डीपटू सहा फूट उंच. सायटर धरून एका सत्रात तो ऐंशीहून अधिक वेळा कमरेत वाकत होता आणि दर वेळी खांदा, कंबर, पावले सगळे नव्याने जुळवत होता. बाकांच्या पायांखाली 12 सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे बसवले. आणि शहाबादी फरशीतली त्याच्या लेनमधली एक फरशी डुगडुगत होती, तीही सिमेंटने बसवली. त्याच्या गुणांत या महिन्यात जी सुधारणा झाली, ती त्याने माझ्या पकडीच्या उपदेशामुळे झाली असे म्हटले. मी ते खोडून काढले नाही, पण मला शंका आहे.

4 मे 2025

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झाले. गोदामाच्या भिंतीवरच्या तापमापकात सकाळी नऊलाच 37 अंश होते आणि अकरा वाजता 41. मुलीची मूठ मार्चच्या शेवटी पुरी झाली होती, एप्रिलभर उत्तम चालली होती. डोळे मिटून घेतलेल्या चाचणीत वीसपैकी सोळा वेळा पुढची साइट खाचेच्या मध्यावर येत होती. आज वीसपैकी सात.

मला आधी वाटले की लांबीने भरलेला भाग उष्णतेने फुगला. कॅलिपरने मोजला, लाकूड जागच्या जागी होते. मग हात मोजला. बोटांच्या मुळांशी पंज्याची रुंदी जानेवारीत 72 मिलिमीटर होती, आज 75. उन्हात हाताच्या रक्तवाहिन्या फुलतात आणि बोटे सुजल्यासारखी होतात, हे प्रत्येक बाईला बांगड्यांवरून ठाऊक असते. मला मात्र कॅलिपर लागला. जानेवारीच्या थंड सकाळी, स्वेटर घालून आलेल्या हाताला मी मूठ बसवली होती.

गेरूचा ठसा घेतला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. बोटांच्या मुळांखाली, तळव्याच्या वरच्या कडेला, चार कोरडे ठिपके उमटले होते, म्हणजे तिथे कातडी लाकडाला नीट टेकत नव्हती. हात उलटा करून पाहिला तर चार घट्टे होते, दोन फुटलेले.

‘हे काय गं?’

‘आखाजीचा झोका, सर. दोराने झालं. आत्याकडे गेले होते.’

आंब्याच्या झाडाला बांधलेल्या जाड दोराने चार दिवसांत जे केले, ते दुरुस्त करायला माझी कानस कामाची नाही. घट्टे जातील तेव्हा जातील. मिस्त्रींचे मार्चमधले बोलणे आज आठवले. तेव्हा मी ते नुसते ऐकले होते, वहीत लिहिले पण समजून घेतले नाही. आता मागच्या नोंदी चाळल्या तर डिसेंबरातल्या तिच्या टार्गेटांवर एक वेगळाच पसारा दिसतो. विचारल्यावर कळले की त्या सुट्ट्यांत ती घरच्या शेतात कापूस वेचत होती आणि बोंडाच्या टोकांनी बोटांची टोके सोलवटलेली होती, ट्रिगरचे बोटही.

18 मे 2025

पंधरा दिवस विचार करून ठरवले की फुगलेल्या हातासाठी मूठ आणखी कानसायची नाही. कमी केलेले लाकूड परत येत नाही, थंडी मात्र परत येते. मूठ आणि हात यांच्यामधली हलवता येणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्क्रूवर वर-खाली होणारा खालचा टेकू. पंजा फुगला की तो मुठीत पहिल्यासारखा बसत नाही आणि मनगटाचा कोन बदलतो. टेकू तेवढाच खाली घेतला तर पंजा पुन्हा आपल्या जागी बसतो. किती खाली, ते डोळ्याने ठरवायचे नाही. अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने टेकू उतरवत गेलो आणि प्रत्येक जागी डोळे मिटून वीस-वीस वेळा उचलायला लावले. दीड मिलिमीटरवर वीसपैकी पंधरा आले, दोनवर पुन्हा घसरले. दीडवर पातीने खूण कोरली आणि जानेवारीची जुनी खूण तशीच ठेवली.

आणखी एक गोष्ट तिनेच शोधली. ती सायकलवरून सहा किलोमीटर येते आणि आल्याबरोबर हात फुगलेला असतो. माठाच्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून, पुसून, दहा मिनिटे बसल्यावर पंज्याची रुंदी एक मिलिमीटरने उतरते. तेव्हा मोजायची वेळही ठरवून घेतली : बसल्यानंतर, पाणी पुसल्यानंतर. नाहीतर आपण हात न मोजता सायकल मोजतो.

1 जून 2025

आप्पांनी आज डाव्या हाताने, सागवानी मुठीवर, पहिल्यांदाच सलग 40 शॉट मारले. गुण सांगण्याजोगे नाहीत आणि त्यांनीही ते सांगू नका म्हणून बजावले आहे. पण कागद सांगण्याजोगे आहेत. मधल्या बोटाने मारलेल्या फेब्रुवारीच्या कागदांवर गोळ्या चारी दिशांना विखुरलेल्या होत्या. आजच्या गोळ्या बहुतेक काळ्या भागात आणि सगळ्या खाली-उजवीकडे एका गठ्ठ्यात आहेत. विखुरलेल्या गोळ्यांना साइटवर उपाय नसतो, गठ्ठ्याला असतो. तरीही साइट लगेच फिरवली नाही. डावा हात अजून नवशिका आहे, तो आणखी महिनाभर बदलत राहील. आज साइट फिरवली तर मुठीची चूक, हाताची चूक आणि साइटची चूक एकमेकांत मिसळून जाईल.

त्यांच्या मुठीत एकच बदल केला. ठशात अनामिकेखालची खाच रिकामी दिसत होती, तिथे लांबीचा पातळ थर दिला. डब्यात पुन्हा घालून पाहिले, मूठ मावली.

15 जून 2025

दोन दिवस पाऊस झाला, गोदाम गार आहे. आप्पा आले नाहीत, पेरणी सुरू आहे. कबड्डीपटूने स्वतःसाठी मूठ मागितली. त्याच्या हाताची मापे घेऊन ठेवली, मिस्त्रींकडे सागवानाचा एक तुकडा शिल्लक आहे. मुलीचा पंजा आज 73 मिलिमीटर भरला, म्हणजे दोन खुणांच्या मधला. तिने विचारले की मध्ये तिसरी खूण कोरायची का. चाचणी घेतली; उन्हाळ्याच्या खुणेवर वीसपैकी बारा, थंडीच्या खुणेवर तेरा. एवढ्या फरकावर लाकूड कोरायचे नाही असे ठरवून पेन्सिलीने बारीक रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. झोक्याचे घट्टे गेले आहेत, फक्त करंगळीखालचा एक उरला आहे.